सात झाली, पाच लिहिली

आजोबांच्या वहीत प्रत्येक वेताला एक ओळ.
तारीख, आई, बाप, नर किती, माद्या किती,
शेवटी रंग.
एके ठिकाणी फक्त: सात झाली, पाच लिहिली.
पुढच्या ओळीत गवताचा भाव.

आमच्याकडे, ग्लोम्मा नदीच्या वरच्या अंगाला,
कुत्रा सशामागे भुंकत रानात शिरतो
आणि माणूस झाडाला टेकून ऐकत राहतो.
आवाज बारीक झाला की ससा टेकडीपलीकडे,
एकदम थांबला की चुकला माग.
मग शिंग फुंकायचं, आणि कुत्रा परत येतो.
निम्मी शिकार कानांचीच.

रंगासाठी मात्र लोक स्वीडनहून येत.
निळा, म्हणायचे. निळा कुठला,
ओल्या पाटीवर राख झटकावी तसा,
मध्ये काळे तुकडे, फाटक्या कागदाच्या कडांचे,
आणि एखादा डोळा काचेच्या गोटीसारखा.
वडील म्हणत, काळ्याला गिऱ्हाईक विचार करतं,
निळ्याला पाकीट काढतं.

नियम त्यांना पाठ होता. निळ्याला निळी द्यायची नाही.
एका बाजूने आला तर रंग खुलतो,
दोन्हीकडून आला तर
रंगच राहत नाही.

म्हणून तीरला त्यांनी स्वार्ता दिली.
वहीत त्यांच्या तिरक्या अक्षरात: काळी.

पिल्लं सहा. पाच धडधाकट, आणि सहावं
दुधावरच्या सायीसारखं,
नाकही गुलाबी.
एल्वेरूमला डॉक्टर आसलाउगने त्याच्या डोक्याला
बारीक सुया लावल्या, कानात टिकटिक सोडली.
पडद्यावरची रेघ हललीच नाही.
दुसरा कान. तीही नाही.
ती म्हणाली, ऐकायलाही रंग लागतो, तोर्गुन.
कण्यापासून निघालेल्या रंगाच्या पेशी
कानाच्या पार आत पोचाव्या लागतात.
ह्याच्यात त्या निघाल्याच नाहीत.

आईच्या गालाचा फाया पाकिटातून प्रयोगशाळेत गेला.
तीन आठवड्यांनी कागद आला:
स्वार्ता काळी नाही.
मी तिला उताणी केली, शोधलं.
शेपटीखाली, नाण्याएवढा,
राखाडी डाग.

नऊ वर्षं तिचे केस वडिलांनी विंचरले होते.

मी विचारलं नाही.
ते जेवत होते, बटाट्याची सालं काढत होते,
साल न तुटता निघावी म्हणून
नेहमीपेक्षा सावकाश.
मग म्हणाले, तुझे आजोबा बादली घेऊन
ओढ्याकडे जायचे.
मी दार लावून घ्यायचो.
एवढंच.

पिल्लू मी ठेवलं. नाव रीम, दहिवराला आम्ही म्हणतो ते.
जमिनीवर टाच आपटली की मान वर करतं.
झोपलं असलं तर हात आधी नाकापुढे,
मग अंगावर,
नाहीतर दचकून चावतं. दोनदा चावलंय.
उजवा डोळा लहान आहे, त्या बाजूने
खुर्च्यांना धडकतं आणि खुर्चीवरच चिडतं.
त्याला भुंकता येतं. कुणी शिकवलं नाही,
स्वतःला ऐकू येत नाही,
म्हणून कुठे थांबायचं ते कळत नाही.

हिवाळ्यात सोपं असतं. तीन वाजता अंधार,
ओसरीवरचा दिवा दोनदा बंद-चालू केला
की बर्फातून एक बर्फ धावत येतो.

जूनमध्ये दिवा निकामी.
रात्री अकराला वाचता येईल इतका उजेड,
बल्ब पेटलाय की विझलाय मलाच कळत नाही.
शिंग खुंटीला.
मग मी कुरणाच्या कडेला जाते,
वारा पाठीवर घेऊन उभी राहते
आणि माझा वास
त्याच्याकडे जाईपर्यंत थांबते.

काल शेजारी वडील येऊन उभे राहिले.
वहीत त्यांनी त्या वेताची ओळ बदललीय,
काळी खोडून. वरती काही लिहिलेलं नाही अजून.
पिल्लं मात्र सहा.